आत्याच्या ताटाचा पोचा

"साम्राज्यं तलवारीने बुडत नाहीत, ताटांनी बुडतात," असं अण्णा म्हणाले आणि या वाक्याला शोभेल अशा दिमाखात त्यांनी पाण्याचं भांडं उचललं. उभ्या आयुष्यात त्यांनी पितळेची भांडी उचलली होती आणि हाताला तेवढाच जोर लावायची सवय होती. हे भांडं स्टेनलेस स्टीलचं होतं. ते अपेक्षेपेक्षा फार लवकर वर आलं. निम्मं पाणी मिशीवर आणि उरलेलं कानापर्यंत गेलं, आणि साम्राज्यांचा विषय तिथेच संपला.

"पंचा देऊ?" आई म्हणाली.

"नको," अण्णा म्हणाले. "मला समजलं."

आमच्या बार्शीच्या घरात त्या दुपारी क्रांती झाली होती. अण्णा तालुक्याच्या कोर्टात नाझर होते, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या सामानावर जप्ती आणणं हे त्यांचं काम. ते त्या कामावर होते. द्वारकाआत्या, म्हणजे अण्णांची मोठी बहीण, देवळात प्रवचनाला गेली होती. मी नुकताच बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो, म्हणजे घरात नव्हतो, स्टेशनजवळच्या हॉटेलात होतो. ही संधी साधून आईने सिद्रामशेठ कासारांच्या दुकानातून हातगाडी बोलावली, घरातली झाडून सगळी पितळेची भांडी तिच्यावर घातली, ती मोडीत दिली, आणि त्या बदल्यात बसतील तेवढी स्टीलची ताटं, वाट्या नि पेले घेऊन ती परत आली. रात्रीच्या जेवणाला आमच्यापुढे जे मांडलं होतं ते इतकं चकचकीत होतं की त्यात वाढलेली भेंडीची भाजी ओशाळल्यासारखी दिसत होती.

"जप्ती आली तरी स्वयंपाकाची भांडी नेता येत नाहीत. कायद्यात आहे तसं," अण्णा मिशी पुसत म्हणाले. "सरकारला जे करता येत नाही ते तू एका दुपारीत केलंस."

"सरकारला पितळ घासायला लागत नाही," आई म्हणाली.

यावर अण्णांकडे कलम नव्हतं. पितळ घासणं हे खरोखरच कैदेतलं काम होतं. चिंच, राख, काथ्या, आणि घासून झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय कल्हई. पूर्वी कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भट्टी लावून बसायचा, भाता मारायचा, आणि काळं पडलेलं ताट त्याच्या हातातून चांदीसारखं होऊन यायचं. तो थकला, त्याच्या मुलाने सायकलचं दुकान टाकलं, आणि आमच्या ताटांत आंबट वाढायची भीती वाटू लागली. सारांश, आईचं काहीच चुकलं नव्हतं.

पण ती ताटं. आमच्या घरात प्रत्येकाचं ताट ठरलेलं होतं आणि प्रत्येक ताट आपल्या माणसासारखं दिसायला लागलं होतं. अण्णांचं रुंद, जाड, काठाला वेलबुट्टी. जमिनीवर टेकलं की कोर्टाचा पुकारा व्हावा तसं वाजायचं. आईचं सगळ्यांत पातळ, कारण ती शेवटी बसायची आणि तोवर त्यात वाढण्यासारखं फारसं उरलेलं नसायचं. माझं इतकं लहान की आमटीची वाटी ठेवली की भाकरीला जागा उरायची नाही. मी भाकरी मांडीवर ठेवायचो आणि बोलणी खायचो. डोळे मिटून बसलं तरी कोणाचं ताट मांडलं ते आवाजावरून सांगता यायचं. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी ताटं अशी बोलतात.

आत्याचं ताट मात्र सगळ्यांत आवडतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते तिला लग्नात दिलं होतं. नवरा गेल्यावर ती सासरहून आमच्याकडे आली तेव्हा एक ट्रंक आणि ते ताट एवढंच घेऊन आली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून बार्शीच्या लहान गाडीत बसायचं होतं. त्या धांदलीत हमालाच्या डोक्यावरून गाठोडं निसटलं, ताट फलाटावर पडलं आणि त्याच्या काठाला पोचा आला. हमाल बिचारा माफी मागायला लागला. आत्या त्याला म्हणाली, "असू दे बाबा. मलाही लागलंय."

त्या पोच्यामुळे ताटाच्या कडेला एक लहानशी खळी झाली होती. मी लहान असताना आत्याच्या ताटातच जेवायचो आणि ती माझं तूप त्या खळीत वाढायची. भाताचा घास खळीत बुडवायचा आणि खायचा. ज्याने असं तूप खाल्लं नाही त्याला तुपाबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही.

तर त्या रात्री आत्या आपल्यापुढच्या नव्या ताटाकडे बघत होती.

"मनोरमा, ह्यात मीच दिसतेय."

"चकचकीत आहे ना, वन्सं."

"जेवताना मला माणसं बघायची सवय आहे. स्वतःला बघत कधी जेवले नाही." तिने एक घास घेतला, सावकाश चावला, आणि विचारलं, "माझं ताट कुठाय?"

"सगळीच दिली, वन्सं. एकदम."

"माझंसुद्धा?"

"सगळी म्हटलं ना."

आत्या पुढे काही बोलली नाही, आणि तिथे आम्ही घाबरलो. कारण आई आणि आत्या मी कळता झाल्यापासून रोज भांडत होत्या. आमटीत गूळ किती, पापड कुठल्या उन्हात, दार कोणी उघडं टाकलं, मांजर कोणामुळे आलं. त्यांचा आवाज चढला की अण्णा समाधानाने वर्तमानपत्र उघडत. घर नीट चाललंय अशी ती खूण होती. त्या रात्री आत्या गप्प जेवून उठली. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते उगाच अंगणात जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी देवळातून आल्यावर आत्याने मला पोस्टकार्ड आणायला लावलं. "मधूला लिही. म्हणावं, माई यायला तयार आहे. रविवारी येऊन घेऊन जा."

मधू म्हणजे मधुसूदन, तिच्या यजमानांचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा. तो पुण्याला चांगल्या नोकरीत होता. त्याची बायको टेलिफोनच्या ऑफिसात जायची आणि मुलं घरी मोलकरणीपाशी असायची. माई, तुम्ही या, असं तो दर दिवाळीला म्हणायचा. सज्जन माणूस होता. त्याच्याबद्दल वाईट बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

"आत्या, एका ताटासाठी?" मी म्हटलं.

"ताटाचं काय त्यात? पाय दुखतात माझे. पुण्याला डॉक्टर चांगले आहेत."

हेच पाय रोज सकाळी देवळात माझ्यापेक्षा लवकर पोचत. पण मी कार्ड लिहिलं. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पत्ता नीट लिहिला आहे का तेही विचारलं.

आईला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "जाऊ देत," ती म्हणाली. "माणसाला बदल हवा. मीही चार दिवस आमटीत मनासारखा गूळ घालीन." त्या दुपारच्या आमटीत गूळ बरोबर आत्याला लागतो तेवढाच होता. संध्याकाळी भाकरी करपली. पुढच्या दिवशी पुन्हा करपली. आत्याने दोन्ही वेळा काही न बोलता करपलेली बाजू खरवडून खाल्ली. एरवी अशा भाकरीवर दोघींचा आठवडा निघाला असता.

मधूचं उत्तर आलं. रविवारी येतो, परतीची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत, मुलं आजीची वाट बघताहेत.

ते पत्र वाचून झाल्यावर आईने मला मागच्या दारी बोलावलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "अच्या, सिद्रामशेठकडे जाऊन ये. मोडीत ते ताट असेल अजून. नसेल वितळवलं तर घेऊन ये. माझं नाव सांगू नको."

"मग कोणाचं सांगू?"

"तुला नाव नाहीय का?"

सिद्रामशेठच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये मोडीचा ढीग होता. निम्म्या बार्शीचं स्वयंपाकघर तिथे उलटं पडलं होतं. घागरी, पराती, बंब, तपेल्या, पोचे पडलेली कासंडी. त्या ढिगात कमरेपर्यंत शिरून, कोर्टाचा काळा कोट घातलेला एक माणूस वाकून काहीतरी उपसत होता. त्याने एक परात बाजूला केली आणि मला चेहरा दिसला.

"अण्णा?"

"हं."

"तुम्ही कोर्टात होतात ना?"

"स्थळपाहणी," अण्णा म्हणाले. मग थोडा वेळ विचार करून, "तू इथे कसा?"

"आईने पाठवलं. पण तिचं नाव सांगू नको म्हणालीय."

"मग नको सांगूस," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मला धरायला एक घंगाळ दिलं.

आम्ही दोघं मिळून ढीग उपसायला लागलो. घागरी घरंगळायला लागल्या तसे सिद्रामशेठ धावत आले. लठ्ठ, शांत माणूस; पण आपला ढीग बघून त्यांचा आवाज कापायला लागला.

"काय ओ नाझरसाहेब, मघापासनं बघतोय, तुम्ही बोलंना झालाय. काय हुडकायलाय ते तर सांगा की."

अण्णा नाझर होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू त्यांनी कागदावर लिहून घेतल्या होत्या. स्वतःच्या घरातली वस्तू मागायची वेळ आली तर त्यांना लाज वाटत होती. शेवटी मीच म्हटलं, "ताट आहे एक. काठाला पोचा आहे."

"हात्तिच्या. आजीबाईंचं? ते तर त्या कवाच घेऊन गेल्या."

अण्णा परात हातात धरून तसेच उभे राहिले. "कोण आजीबाई?"

"तुमच्याच की ओ. मोड आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळात जाता जाता. त्या बदल्यात त्यांचा देवळात न्यायचा तांब्या ठेवलाय बघा इथं. आणि म्हणल्या, घरातनं कोण विचारायला आलं तर मी येऊन गेले म्हणून सांगू नका."

"मग आम्हाला का सांगितलंत?" मी विचारलं.

"ढीग मोडायलाय तुम्ही. परत कोण रचणार?" सिद्रामशेठ म्हणाले. मग ते जरा जवळ आले. "खरं सांगू का, रोज जाता-येता पायरीपाशी थांबत्यात. कोण आलतं का, म्हणून विचारत्यात. मी म्हणतो, नाही. मग जात्यात. आज सांगतो त्यांना, दोघंजण येऊन गेले म्हणून. बरं वाटंल."

"नका सांगू," अण्णा म्हणाले.

"का ओ?"

"आमची वाट बघत नसेल ती."

घरी येताना अण्णा भराभर पुढे निघाले. कोटाच्या बाह्या पिवळट झाल्या होत्या, त्या झटकत चालले होते. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, ताट आणून ठेवलं की अक्का राहील. ताट तर तिच्या ट्रंकेत आहे. आणि तरी ती निघालीय."

"मग आता?"

"मला काय विचारतोस. मी वस्तू उचलून आणतो. परत द्यायचं खातं वेगळं आहे."

"आईला सांगायचं का?"

"अजिबात नाही. सांगितलंस तर ती म्हणेल, बरं झालं, मिळालं ना ताट, आता खुशाल जा. आणि अक्का खुशाल जाईल. दोघी एकमेकींचं ऐकायला लागतील. मग संपलंच."

आई ओट्यापाशी उभी होती. तिने नुसती मान वर केली.

"तिथे नाहीय," मी म्हटलं. हे खरं होतं.

"नीट बघितलंस?"

"अगदी तळापर्यंत."

ती परत कणीक मळायला लागली. त्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या. इतका वेळ कणीक तिने आधी कधी मळली नव्हती.

शनिवारी दुपारी, रस्त्यावर कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा उन्हात, आई पिशवी घेऊन बाहेर पडली. लिंबं आणायला, म्हणाली. लिंबांना चार वाजून गेले तरी पत्ता नव्हता. तोवर आत्या उठली, ट्रंकेला दोरी बांधून घेतली आणि गल्लीतल्या बायकांचा निरोप घ्यायला गेली. ती बाहेर पडली आणि थोड्याच वेळात न्हाणीच्या मागून आवाज यायला लागला. ठण्‌. थोडं थांबून पुन्हा ठण्‌.

मी मागे गेलो. आई धुण्याच्या दगडापाशी बसली होती. पदर खोचलेला, चेहरा उन्हाने लाल, कपाळावर काळपट पट्टा. एका हातात खलबत्त्यातला बत्ता आणि समोर एक पितळी ताट. जुनं, जाड, आत्याच्या ताटासारखंच. फक्त ते आत्याचं नव्हतं.

"काय करतेयस?"

"पोचा काढतेय."

"पोचा नाहीच त्याला."

"म्हणून तर," आई म्हणाली आणि तिने बत्ता हाणला. तो निसटून तिच्या अंगठ्यावर बसला. तिने अंगठा तोंडात घातला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू बत्ता मीच मारला होता.

"अगं, आत्याला कळेल."

"वन्संना मोतीबिंदू आहे. सकाळी देवपूजेला दोनदा बेल शोधत असतात. धर ते ताट नीट. उभं धर."

मी धरलं. "पोचा कुठल्या बाजूला होता, आठवतंय का तुला?"

आईने बत्ता खाली ठेवला. डोळे मिटले, आणि रिकाम्या हाताने हवेत ताट घासायला लागली. गोल, गोल, काठावरून. मग तिचा हात एका जागी अडला.

"इथे," ती डोळे न उघडता म्हणाली. "डाव्या अंगाला, कोशिंबिरीच्या खाली. इथे काथ्या अडकायचा. रोज शिव्या घालायचे मी त्याला."

तिने डोळे उघडले आणि खडूच्या तुकड्याने तिथे खूण केली. मी न राहवून विचारलं, "मग दिलंस कशाला ते? तेवढं एक ठेवायचं होतंस."

"तेवढं एक कसं ठेवणार?" आई माझ्यावरच ओरडली. "सगळ्यांना नवं आणि त्यांच्यापुढे तेवढं जुनं मांडलं असतं तर? म्हणाल्या असत्या, बघा, मला वेगळं काढलं. त्या सासरी तसंच व्हायचं त्यांचं, नवरा गेल्यावर. वेगळं ताट, वेगळी जागा. मी म्हटलं, आपल्या घरात सगळ्यांपुढे एकसारखं असू दे." तिने खडूची खूण पुन्हा ठळक केली. "हे त्यांना सांगायला तोंड उघडावं तर म्हणणार, विचारलं का नाहीस मला. आणि विचारायला पाहिजे होतं, हे काय मला कळत नाही? धर घट्ट."

तिने पुन्हा मारायला सुरुवात केली. पितळ चांगलं होतं, वाकायला तयार नव्हतं. फलाटाने एका फटक्यात जे केलं होतं ते आईला जमेना. शेवटी पोचा पडला तो खळीसारखा नव्हता, रस्त्यातल्या खड्ड्यासारखा होता, आणि आजूबाजूला चुकलेल्या घावांचे वण उठले होते. जणू ते ताट कुर्डुवाडीला एकदा नव्हे, प्रत्येक स्टेशनावर पडत आलं होतं. मग तिने चिंच आणि राख लावून ते घासलं, घासून झाल्यावर पुन्हा घासलं आणि पदराआड घेऊन फडताळात ठेवलं. लिंबं आणायला मला जावं लागलं.

रविवारी मधू आला. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा पुडा, पायरीवरच आत्याच्या पाया पडला. आईने पुरण घातलं होतं. कटाची आमटी, भजी, कुरडया, शेंगांची चटणी. कुठे कसली कमतरता ठेवली नव्हती. ट्रंक दारापाशी उभी होती. तिच्यात काय आहे ते मला आणि अण्णांना माहीत होतं. त्यामुळे आम्ही दोघं तिच्याकडे बघायचं टाळत होतो आणि म्हणून सारखं तिच्याकडेच बघत होतो.

आम्ही तिघं पुरुष स्टीलच्या ताटांवर बसलो. आईने आत्याचा पाट मांडला, आणि फडताळातून काढून ते पितळी ताट तिच्यापुढे ठेवलं.

"सापडलं," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

अण्णांना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, कारण मलाही काहीतरी करायला हवं होतं.

आत्या पाटावर बसली. ताटाकडे तिने पाहिलं नाही. डावा अंगठा काठावर टेकवला आणि तो सावकाश फिरवत नेला. पोच्याच्या बराच अलीकडे तिला पहिला वण लागला. मग दुसरा. तिसऱ्यापाशी अंगठा जरा थबकला आणि मग खड्ड्यात उतरला.

"कुठे मिळालं म्हणालीस?"

"सिद्रामशेठकडे. ढिगाच्या तळाशी होतं."

"तू गेली होतीस?"

"मग कोण जाणार? हे घरातले दोघे?" आईने आमच्याकडे पाहिलं. आम्ही खाली पाहिलं. नव्या ताटांत आम्ही दोघं अगदी स्पष्ट दिसत होतो.

"कधी गेलीस?"

"काल. दुपारी."

"दुपारी ऊन असतं."

"होतं."

"बराच वेळ शोधलंस?"

"वन्सं, आमटी निवतेय."

"निवू दे. अंगठ्याला काय झालं?"

आईने चिंधी बांधलेला अंगठा पदरात घेतला. "काही नाही. नारळ फोडताना लागलं."

"पुरणपोळीला नारळ कशाला लागला?"

आई आमटी ढवळायला लागली. आत्याचा अंगठा अजून त्या खड्ड्यातच होता. ती तिथे चाचपत होती, जसं दुखतंय का म्हणून एखाद्याचं कपाळ चाचपावं.

मधूला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. "माई, पुण्याला आपल्याकडे चिनी मातीचा सेट आहे. टेबलावर बसतो आम्ही. तुमच्या गुडघ्यांना बरं पडेल. जेवण झालं की जरा आडव्या व्हा, मग गाडीला निघू."

"मधू," आत्या म्हणाली, "ती दोन तिकिटं काढलीयस ना, त्यातलं एक परत कर."

"म्हणजे?"

"ताट सापडलं. आता कशी येऊ?"

"ताट बरोबर घेऊ की, माई."

"हे ताट तुझ्या टेबलावर नीट बसायचं नाही. फार मार खाल्लेलं आहे ते." आत्याने पोळीचा तुकडा मोडला. "मुलांना सुट्टीत इकडे पाठवून दे. मी बघते त्यांच्याकडे. पुण्याचं तूप खाऊन सुकली असतील."

"मी घरी काय सांगू पण?"

"सांग, ताट सापडलं."

मधूने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "निकाल झाला. अपील नाही. भजी घे."

मधू भला माणूस होता, त्याने भजी घेतली. सुट्टीत त्याची मुलं खरंच आली, आणि पुढे दर वर्षी येत राहिली. आत्या त्या बत्त्याने ठोकलेल्या ताटात शेवटपर्यंत जेवली. दोघींची भांडणं पुन्हा सुरू झाली आणि घर नीट चालू लागलं. आत्या गेल्यावर कितीतरी दिवसांनी आईने तिची ट्रंक उघडली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं खरं ताट तिच्या हाताला लागलं. डाव्या अंगाला तिने अंगठा फिरवला. तिथेच मांडी घालून बसली आणि म्हणाली, "तरी म्हटलं, एवढं शोधूनही सापडत कसं नाही. पक्की होती बाई." एवढंच. मग ते ताट घेऊन ती न्हाणीमागे गेली आणि घासत बसली.

पण ते पुढचं. त्या रविवारी आम्ही सगळे हात आखडून बसलो होतो, कारण आत्याने अजून पहिला घास घेतला नव्हता. आई वाटीत पळी घालून तशीच उभी होती. आता आत्या काय बोलते, याच्याकडे तिचं सगळं लक्ष लागलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. आत्याने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा वर तिच्याकडे पाहिलं.

"मनोरमा," ती म्हणाली.

"काय, वन्सं?"

"मीठ वाढायचं राहिलंय."